ती काय म्हणाली?

"लास्ट वीक माय सिस्टर हॅव बेबी," लाँड्रीत काम करणारी बाई उभी राहून म्हणाली. "आय नॉट सी. आय क्राय."

"हॅड," काका फळ्याजवळून म्हणाले. "माय सिस्टर हॅड अ बेबी. आय डिड नॉट सी. आय क्राइड. रिपीट."

बाईने तिन्ही वाक्यं सुधारून म्हटली, अगदी बिनचूक, आणि ती खाली बसली.

"व्हेरी गुड," काका म्हणाले. "नेक्स्ट."

काकांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. स्वतःच्या लग्नपत्रिकेतसुद्धा त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका शोधल्या होत्या, असं त्यांची बायको अजून सांगते. छापखाना बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी ते इंग्रजी शिकवायला शिकू लागले. आज त्यांचा परीक्षेचा पाठ होता. समोर अकरा माणसं, कामासाठी कुठून कुठून आलेली. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती; मोडकंतोडकं इंग्रजी तेवढं सामाईक. शेवटच्या बाकावर प्रशिक्षक मॅडम वही घेऊन बसल्या होत्या. वयाने काकांच्या लेकीएवढ्या, पण पास-नापास त्यांच्याच हातात.

वर्ग लेखी सरावाला लागला, तशी मॅडमनी काकांना खुणेनेच बाहेर बोलावलं.

"काका, ती लाँड्रीतली बाई काय म्हणाली?"

"तीन चुका केल्या तिने. तिन्ही भूतकाळाच्या. मी लगेच सुधारल्या."

"चुका नाही विचारल्या मी. ती काय म्हणाली?"

काका बोलायला गेले आणि थांबले. शब्द त्यांना लख्ख आठवत होते. पण ते एकापुढे एक ठेवून त्यांनी वाचले ते आत्ता, व्हरांड्यात उभं राहून. बहिणीला बाळ झालं. हिने ते पाहिलं नाही. ही रडली.

"अरे देवा," काका म्हणाले. "आणि मी तिला व्हेरी गुड म्हटलं."

मॅडम हसल्या नाहीत. "वीस मिनिटं आहेत अजून."

"पण माझ्या आराखड्यात तर..."

"आराखडा वाचलाय मी. छान आहे. एकही चूक नाही त्यात."

काका आत आले तेव्हा त्यांचे कान तापले होते. ते फळ्याकडे गेलेच नाहीत. सरळ त्या बाईच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले.

"युवर सिस्टर," त्यांनी विचारलं. "व्हेअर इज शी?"

बाई धडपडत उठली आणि फळ्यावर उत्तर सापडतंय का ते बघू लागली.

"सिट, सिट. नो ग्रामर," काका म्हणाले. "आय वॉन्ट टु नो."

मग ते गप्प राहिले. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. बाई एकेक शब्द शोधत होती आणि काकांच्या जिभेवर प्रत्येक शब्द तयार होता. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"रिव्हर," बाई म्हणाली. "आफ्टर रिव्हर. स्मॉल टाउन. टू बस." दोन बसगाड्या बदलून जावं लागतं, हे तिने बोटांनी दाखवलं. "वन डे आय गो. राँग स्टॉप. आय स्टँड टू अवर. नो आस्क. हाऊ आस्क? आय कम बॅक."

तुटक्या वाक्यांतही सगळं आलं होतं. चुकीच्या थांब्यावर दोन तास उभी राहून, विचारायला शब्द नाहीत म्हणून ती माघारी फिरली होती. वर्गातली पेनं थांबली होती.

"बेबी बॉय?" खिडकीजवळच्या वेल्डरने विचारलं.

"गर्ल." बाई पहिल्यांदाच हसली. "बिग नोज. लाइक मी."

सगळे हसले. तेवढ्यात मागून बसचा ड्रायव्हर उठला. धिप्पाड माणूस, आजवर हजेरीपलीकडे ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो तरातरा पुढे आला, त्याने काकांच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावरची भूतकाळी क्रियापदांची अख्खी यादी तळहाताने पुसून टाकली. काकांनी दोन तास खपून लिहिली होती ती.

"धिस, रिव्हर," त्याने एक वाकडी रेघ ओढली. "धिस, ब्रिज. माय बस, हिअर. यू नॉट गो डाउन हिअर. बॅड स्टॉप. यू सिट."

"नो, नो!" वेल्डर ओरडला. "ब्रिज क्लोज! मेकिंग न्यू!"

"संडे ओपन!" दुसऱ्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"यू आस्क धिस," हॉस्पिटलात सफाई करणारी म्हातारी लाँड्रीतल्या बाईचा दंड धरून म्हणाली. "यू से: प्लीज, व्हेअर बस? से. लाउड!"

"प्लीज, व्हेअर बस?"

"मोअर लाउड!"

एकाच वेळी चौघं बोलत होते. फळ्यावर बाण उमटत होते, पुसले जात होते. लाँड्रीतल्या बाईने वहीचं कोरं पान उघडलं आणि ती नकाशा उतरवून घेऊ लागली. मध्येच तिने हात वर केला, काकांकडे नव्हे, ड्रायव्हरकडे बघून.

फळ्यापाशी काकांना उभं राहायला जागाच उरली नव्हती. ते भिंतीच्या कडेकडेने मागे आले.

"मॅडम, वाक्यांचा सराव राहिलाच," ते हळूच म्हणाले.

"श्श," मॅडम म्हणाल्या. "रविवारी किती वाजताची बस म्हणाला तो?"

आणि त्यांनी सरकून काकांना बाकावर जागा करून दिली.