आधी कोणाकडे?

संगणकशास्त्र हा ज्यांचा विषयच नाही, अशा सहाशे विद्यार्थ्यांना संगणकाची तोंडओळख करून देणारा अभ्यासक्रम प्राध्यापकांनी कुरकुरतच बदलला होता. दरवर्षी निम्मा वर्ग नापास होत असे, म्हणून. अंकांची क्रमवारी लावण्याचा तीस वर्षांचा धडा गेला आणि प्रत्येकाने आपापल्या विषयातली क्रमवारी लावावी, असे ठरले. "म्हणजे आता आपण सुतारांनी सोनारकाम तपासायचं!" असे ते सहकाऱ्यांना म्हणालेही होते.

परिचारिका होऊ पाहणाऱ्या एका मुलीने संगणकावर अपघातातल्या जखमींची उपचारांसाठी रांग लावली होती. प्राध्यापकांनी पडद्यावर बोट ठेवले.

"अगं, उलटं झालंय हे. सर्वांत मोठ्यानं ओरडणाराच शेवटी?"

"हो सर. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प पडलाय, आधी त्याच्याकडे धावायचं."

त्या उत्तरापुढे प्राध्यापकांची सारी विद्या हात जोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी व्याख्यानात नेहमीचे पाच-सहा हात सवयीने वर झाले. "तुम्ही जरा थांबा," असे म्हणून प्राध्यापक फळ्यापासून निघाले आणि तीस वर्षांत प्रथमच शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले.