तीन ठिकाणचे भाव

कारखान्याच्या खरेदी विभागात वीस वर्षं घासलेला माणूस तो. तीन ठिकाणचे भाव काढून सगळ्यात कमी आकडा धरल्याशिवाय घरात साधा झाडूही येऊ द्यायचा नाही. लेकीला थीम पार्क दाखवायचं ठरलं, तेव्हाही त्याने जेवणाच्या टेबलावर तीन पॅकेजं ओळीने मांडली. सहा महिन्यांनी गेलं तर निम्मे पैसे, वर दुसऱ्या दिवसाचा प्रवेश फुकट. दोन महिन्यांनी गेलं तर वीस टक्के सूट. येत्या शनिवारी गेलं तर दमडीचीही सूट नाही.

"यात डोकं काय खाजवताय?" बायको म्हणाली. "सहा महिन्यांनीच जाऊ. तोवर हिची उंचीही वाढेल, मोठ्या पाळण्यात बसू देतील."

लेक तिथल्या तिथे टाचा उंचावून उभी राहिली. त्याने तिच्याकडे नीट पाहून घेतलं आणि शनिवारचं बुकिंग करून टाकलं.

"अगं बाई, आज सूर्य कुठून उगवला?" बायकोला हसू आवरेना. "बाबांना ताप आलाय का बघ गं."

लेकीने त्याच्या कपाळावर हात ठेवला. "नाही आलेला."

ऑफिसच्या खणात, कुलपाआड, तीन डॉक्टरांचे कागद त्याने असेच ओळीने लावून ठेवले होते. आपल्याकडे किती वेळ उरलाय, याची तीन उत्तरं. एक वर्ष. सात महिने. सहा आठवडे.



सवयीप्रमाणे त्याने सगळ्यात कमी आकडा धरला होता.