धरणावरचा भोंगा

जुने भोंगे जमवणाऱ्याने धरणावरचा तो हाताने फिरवायचा भोंगा धरणाखालच्या आपल्या घरी आणला, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. असा दुसरा मिळणं नाही, हे त्याने पितळी पात्यांवरूनच ओळखलं होतं. नवा येणार म्हणून रखवालदाराने हा भंगारात काढला होता.

"एकदाच वाजवून बघू?"

"नको हो," बायको म्हणाली. "अख्खं गाव घरं सोडून पळेल."

मग तो दांड्याला तेल घालत बसला. बाहेर पावसाला उसंत नव्हती. तेवढ्यात रखवालदाराचा फोन आला. त्याला धाप लागली होती.

"साहेब, तो भोंगा चालतो का अजून?"

"झकास चालतो. का, नवा आला नाही?"

"नाही आला. वाजवा, साहेब. हात भरून आला तरी थांबू नका."