सहा हिरवे दिवे

“तू जे करतेस ते सगळं हे सहा खुंटे करतात, ताई. शिवाय तोंड चालवत नाहीत,” धाकटा म्हणाला.

थोरली ओसरीवरच्या बादलीकडे बघत होती. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने बादलीत माती कालवली होती आणि एकेक सेन्सर तो त्या चिखलात खुपसून तपासत होता. खाली दोन पोलादी दात, वर पांढरी टोपी. चिखलात गेला की धाकट्याच्या मोबाइलवर हिरवा दिवा, बाहेर काढून पुसला की लाल. लाल झाला की बागेच्या त्या तुकड्यात पाणी आपोआप सुटणार, हिरवा झाला की बंद होणार. मधे तार नाही, माणूस नाही.

“तो कुठे खुपसलाय ते कळतं का त्याला?” थोरलीने विचारलं.

धाकटा बायकोकडे बघून हसला. “तो काय पाहुणा आहे, ताई? त्याला ओल कळते. बास.”

“बसवतानाही असाच चिखल करून दाबून बसवायचा,” तो माणूस म्हणाला. “दातांभोवती फट राहिली तर ओली जमीनसुद्धा कोरडी दाखवेल. मीच बसवून देतो ना…”

“तीस वर्षं माणसांना कामं सांगितलीत मी. तुम्ही निघा,” धाकटा म्हणाला.

मग नवे बूट घालून, टेप धरून धाकट्याने काठीने सहा भोकं पाडली आणि सेन्सर त्यांत सोडले. अगदी सरळ रेषेत, कारण ओसरीवरून फोटो चांगला येत होता.

“पालथे कप मांडल्यासारखं दिसतंय,” थोरली म्हणाली.

“स्वयंपाकघरापलीकडचं काही दिसतं का गं तुला?”

लिंबांची ती बाग वडिलांची. जाताना त्यांनी काकांच्या देखत थोरलीकडून शब्द घेतला होता: पाणी बघणारं दुसरं कुणी मिळेपर्यंत बाग सोडायची नाही. त्याला तेहतीस वर्षं झाली. धाकटा तेव्हा शिकायला शहरात गेला होता. तो बहुधा शिकतच राहिला असावा, कारण परत काही आला नाही. समुद्राकाठी राहणाऱ्या मैत्रिणीचं वर्षातून एकदा थोरलीला पत्र येई: खोली रिकामी आहे, ये. थोरली उलट टपाली लिही: पाणी कुणावर सोडून येऊ? आणि रोज सकाळी झाडांच्या बुंध्याशी मातीत अंगठा खुपसून ती नळ उघडी, बंद करी.

निवृत्त झाल्यावर धाकट्याला बाग आठवली.

“हंगामभर यंत्र नीट चाललं की या घराला कुलूप,” तो म्हणाला. “मग तू आमच्याकडे. मागची खोली आहे.”

“सामानाची आहे, पण करू जागा,” भावजय म्हणाली. “स्वयंपाकाला बाई तरी ठेवायला नको.”

पहिले पंधरा दिवस सहाही दिवे लालच राहिले. पाणी अखंड वाहिलं. पानं पिवळी पडू लागली. रविवारी धाकटा गाडीतून उतरला तोच ओरडत.

“हात लावलास ना?”

“नाही.”

“यंत्र चुकत नाही, माणसं चुकतात. जळतेस तू त्याच्यावर. उद्या घराबाहेर पडावं लागेल म्हणून घाबरलीस तू! पुन्हा शिवायचं नाही.”

“बरं,” थोरली म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात यंत्र सुधारलं. दिवे वेळेवर लाल, वेळेवर हिरवे. पानांवर हिरवीगार काळोखी आली, फळ भरलं. धाकटा शहरात बसून मोबाइल बघे आणि बागेचं गुणगान करी. “यंत्र शिकतं, ताई. माणसांचं तसं नसतं.” थोरलीची सकाळची फेरी सुटली नव्हती, मातीतला अंगठाही. त्यावर तो मित्रांना सांगे, “घाणा मोडला तरी बैल फिरतोच आहे.”

फळ उतरवलं त्या दिवशी ओसरीवर पेट्यांची भिंत उभी राहिली. धाकट्याने मित्र बोलावले होते, काकांनाही आणलं होतं. चहा स्टीलच्या पेल्यांतून आला.

“सासूबाईंचे ते बिनकानाचे पांढरे कप कुठे गेले?” भावजयीने सगळ्यांसमोर विचारलं. “तेवढेही सांभाळता येत नाहीत?”

“बाहेर राहिलेत.”

काकांनी कपाळावर हात धरून बागेतल्या पांढऱ्या टोप्यांच्या रांगेकडे पाहिलं. “जवळून बघू का रे?”

“चिखल आहे, काका. मोबाइलवर बघा, तिथे जास्त दिसतं.” धाकट्याने मोबाइल सगळ्यांपुढे फिरवला. सहाही दिवे हिरवे होते. “आता पाणी हेच बघतं. ताईची गरज संपली.”

“पुन्हा म्हण,” थोरली म्हणाली.

मित्रांनी माना खाली घातल्या. धाकट्याने मात्र शब्द चघळत सांगितलं, “पाणी यंत्र बघतं. तुझी गरज नाही.”

“काका, ऐकलंत?”

“ऐकलं, पोरी,” काका हळूच म्हणाले. “दादाला दिलेला शब्द फिटला तुझा.”

“लागलं वाटतं तिला,” जाताना भावजय गाडीत म्हणाली.

“लागू दे,” म्हणत धाकट्याने खिडकीतून हाक दिली, “रविवारी न्यायला येतो, ताई. सामान कमी घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी आटोपल्यावर थोरलीने बागेतल्या रांगेतून सहा पालथे कप उचलले. धुतले, पुसले आणि साडीत गुंडाळून पिशवीत ठेवले. पिशवीत वर मैत्रिणीचं पत्र आणि समुद्राकडे जाणाऱ्या बसचं तिकीट होतं. मग ती मोरीमागे गेली. तिथे चिखलाच्या बादलीत सहाही सेन्सर दाटीवाटीने उभे होते, शेजारी ते काढून पुसायचं रोजचं फडकं. तिने त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. रविवारपर्यंत दिवे हिरवे राहायला तेवढं पुरे होतं.