मागे टाकायचं पाऊल

“आजी, तुम्ही आजोबांना ओढताय. त्यांना नेऊ द्या, तुम्ही मागे सरका,” वॉल्ट्झ हा जोडीचा नाच शिकवणारी मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

माझा हात पुन्हा ह्यांच्या खांद्यावरून काखेत गेला होता. अर्धांगवायूनंतर सहा वर्षं ह्यांना तिथेच धरून उठवलं, न्हाणीत नेलं. आता हे चालत होते आणि मी दमले होते.

“बसू या का?” मी विचारलं.

“सहा वर्षं तू नेलंस तिकडे आलो. आज मी नेतो,” हे म्हणाले.

“आणि पडलात तर?”

“तुझ्यावरच पडेन. मला लागणार नाही!”

मी हात खांद्यावर ठेवला. ह्यांचा उजवा पाय घासत पुढे आला, मी न बघता मागे सरकले. माझ्या मागची भिंत, खुर्च्या आता ह्यांनीच बघायच्या होत्या. चौथ्या पावलाला मला चक्क झोप येऊ लागली.