बासष्ट सालची गिटार, मूळ रंगात

“दोन लाख साठ,” रोशनने माईकवर पुकारलं आणि उत्तमरावांनी चौदा नंबरची पाटी खाली घेतली.

ही गिटार त्यांना नको होती. सूर आणि बेसूर यांतला फरकही त्यांना कळत नसे. वरसाव्याच्या या रिसॉर्टच्या हॉलमध्ये ते बसले होते ते रोशनने बसवलं म्हणून. लिलाव रोशनचा. विमा कंपनीतून निवृत्त होऊन मिरा रोडच्या फ्लॅटमध्ये दिवसभर पेपर चाळणाऱ्या या माणसाला त्याने बरोबर हेरलं होतं.

“काका, तुमचा चेहरा सज्जन आहे,” तो म्हणाला होता. “तुम्ही बोली लावली की लोकांना वाटतं, मालात दम आहे. चार लाखांपर्यंत न्यायचं आणि गप्प बसायचं. दिवसाचे दोन हजार.”

उत्तमरावांनी दोन दिवस आढेवेढे घेतले आणि हो म्हणाले.

सकाळपासून मात्र त्यांना शिसारी येत होती. रोशन गिटारीचे गुण गात होता. अमेरिकन बनावट, रंग मूळचा, आतल्या वायरींचं सोल्डरिंगही मूळचं. एक बटण बदललेलं असतं तरी भाव पाव हिश्शाने उतरला असता. उत्तनच्या पास्कल नावाच्या वादकाने ती मुंबईच्या हॉटेलांत पंधरा वर्षं वाजवली आणि त्याच्या घामाने इथला रंग उडाला. हा डाग पुसायचा नाही, कारण खरी किंमत डागाची. लोक रांगेने येऊन गिटारीची पेटी हुंगून जात होते. मेलेल्या माणसाचा घाम हुंगायला माणसं गाड्या करून येतात, हे बघून उत्तमरावांनी नाकाला रुमाल लावला.

तेही त्यांनी गिळलं असतं, पण बोली सुरू व्हायच्या आधी चहाच्या टेबलापाशी स्टीवन भेटला. तिशीचा, चुरगळलेल्या शर्टातला, काखेत फ्रेम केलेला फोटो. फोटोत गिटार गळ्यात घालून एक हसरा माणूस उभा.

“माजा बाप हाय ह्यो,” स्टीवन म्हणाला. “बाप गेला तवा आयनं गिटार इकली. मना परत घरी न्यायची हाय.”

“झेपेल का तुला?”

“होडी इकली. तीन लाख हाईत. त्याच्यावर न्हाय.” कप खाली ठेवत त्याने विचारलं, “तुमी कुठपरेंत जानार?”

“बघू,” उत्तमराव म्हणाले. त्यांना त्याच्याकडे बघवेना.

आता तो दोन खुर्च्या सोडून बसला होता, मांडीवर फोटो उभा धरून. पास्कलचा मुलगा आलाय, ही कुजबुज तोवर हॉलभर झाली होती. मघाशी गिटार उघडून दाखवली तेव्हा सगळे माना उंचावून बघत होते. स्टीवन तेवढा पुढच्या रांगेतल्या एका शेठकडे बघत राहिला. बापाची वस्तू अशी उघडी पडलेली बघवत नसेल, उत्तमरावांना वाटलं.

“दोन सत्तर,” शेठ म्हणाला. ठाण्याचा माणूस, घरात भिंतीला टांगलेल्या अशा अकरा गिटारी. वाजवता एकही येत नसे.

“दोन ऐंशी,” स्टीवन म्हणाला. त्याने फोटो आणखी वर धरला.

शेठ थांबला. त्याने मागे वळून उत्तमरावांकडे पाहिलं, हा गंभीर चष्मेवाला काय करतो ते बघायला. रोशनने कान चोळला. ही खूण त्यांच्यासाठीच होती.

आणखी दोनदा पाटी वर गेली की त्या पोराची होडीही गेली आणि बापही. उत्तमरावांना रोशनची किळस आली, शेठची आली, सगळ्यात जास्त स्वतःची आली. त्यांनी पाटी मांडीखाली सरकवली आणि तिच्यावर चक्क बसून राहिले.

रोशनने कान लाल होईस्तोवर चोळला. शेठने उत्तमरावांची हालचाल पाहिली, खांदे उडवले आणि हाताची घडी घातली.

“दोन लाख ऐंशी... एकदा. दोनदा.” रोशनने नाइलाजाने तिसऱ्यांदा पुकारलं.

टाळ्या पडल्या. स्टीवनने फोटोवर डोकं टेकलं. उत्तमराव मागच्या दाराने बाहेर पडले. रोशनकडे पैसे मागायला गेले नाहीत. घोडबंदर रस्त्यावर बसची वाट बघताना धूळ नाकातोंडात जात होती, तरी कित्येक दिवसांत त्यांना इतकं स्वच्छ वाटलं नव्हतं.

तेवढ्यात स्टीवन धावत आला. आभार मानायचं काही कारण नाही बाळा, असं काहीतरी बोलायची उत्तमरावांनी मनातल्या मनात तयारी केली.

स्टीवनने फोटो बसथांब्याच्या बाकावर टाकला आणि सिगारेट पेटवली.

“काय अंकल, ऐन वेळी पाटी दाबून बसलात?” तो म्हणाला. “शेठ चढतच होता, गिटार खपली असती. आता रोशनभाई आपल्या दोघांनाही एक पैसा देणार नाही.”