मिशीवाला देव

तहरीमनं देवाच्या डोहातनं पाचव्यांदा जाळी वर घेतली, तेव्हा तीत एकच मासा निघाला. करंगळीएवढा. शेपटीला कुंकवाचं बोट टेकवल्यागत लाल ठिपका.

"कुकवाळी," अंबाबाई म्हणाली. "आमच्या लहानपणी डोहात पाय घातला का शंभर यायच्या, गुदगुल्या करायला."

"सकाळपासून ही एकच, आजी."

तहरीम जुन्नरच्या नवाबभाई भांडीवाल्याची पोर. पुण्याच्या कॉलेजात माशांवर शिकत होती. तिनं तो जीव पाण्यानं भरलेल्या बरणीत सोडला आणि बरणी उन्हाला धरली.

"ही जगात दुसरीकडं कुठंच नाही. धबधब्याखालच्या डोहात हिच्या बहिणी आहेत, पण त्यांना ठिपका नाही, तोंडही निराळं. मध्ये धबधबा. हजारो वर्षं येणं-जाणं बंद, मग या इकडं बदलत गेल्या, त्या तिकडं."

"म्हंजी आमच्या आन् खालच्या वाडीगत," कुंडलिक गुरव म्हणाला. "आमी नाकीडोळी नीट, ते तसले."

काठावरची पाचपन्नास माणसं हसली. एरवी गावभर चेष्टा करत फिरणारा गेणू तेवढा हसला नाही.

"मग बाकीच्या गेल्या कुठं?" अंबाबाईनं विचारलं.

"मिशीवाल्याच्या पोटात. तुम्ही देव म्हणता तो मांगूर मासा आहे, बाहेरच्या देशातला. समोर येईल ते गिळतो. आज सात दिसले मला, खाली किती असतील कोण जाणे. कुंडलिककाका, मला ते काढू द्या. दोन दिवस लागतील."

कुंडलिकनं कानाच्या पाळ्या धरल्या. "देवाच्या डोहातला मासा काढायचा? आमी हितली काडी घरी नेत न्हाई. आन् मिशीवाला तर खुद्द देव. गेणूच्या सपनात आला आन् दुसऱ्या दिवशी डोहात हजर. इचार की त्याला, हितंच बसलाय."

सगळ्या माना गेणूकडं वळल्या.

गेणूनं दोनदा घसा खाकरला. "सपान-बिपान काय नव्हतं," तो म्हणाला. "मीच सोडले. बाजारातनं पिशवीत घालून आणले. म्हणलं, जरा गंमत करू."

मग कुंडलिकच्या पोटातनं हसू फुटलं आणि सगळा काठ खिदळायला लागला.

"बेण्या, आता देवाला बी सोडंना!" कुंडलिक म्हणाला. "पोरी, ह्याचं काय खरं धरू नगं. शिमग्याला बोंबलत आला, तुझी म्हैस बिबट्यानं धरली. मी ताटावरनं उठून पळालो, धोतर हातात. म्हैस आपली निवांत रवंथ करतीया!"

"खरं सांगतोय, राव. अंबाबाईची शप्पत."

"माझी?" अंबाबाई म्हणाली. "मागल्या खेपंला बी माझीच घेतलीवती. खोटी निघाली, तरी मी मेले का?"

पुन्हा हशा. तहरीम मात्र गेणूच्या तोंडाकडं बघत होती.

"किती सोडले होते, काका?"

"तीन."

"कधी?"

"चार पावसाळं झालं."

तिनं तेवढं वहीत टिपून घेतलं. त्यापेक्षा तिनं चारचौघांत चप्पल काढली असती तर गेणूला बरं वाटलं असतं.

"झालं ना बघून?" कुंडलिक म्हणाला. "मग ठरल्याप्रमाणं सोड तिला. डोहाचं डोहात."

"एवढी एक बरणी नेऊ द्या, काका. एक तरी वाचेल."

"एकटी वाचून काय करायची गं ती?" अंबाबाई म्हणाली. "सोड तिला तिच्या घरी."

"सोडू नगं!" गेणू उठला. त्यानं दोन्ही हातांनी बरणी धरली, पाणी हिंदकळून त्याच्या सदऱ्यावर सांडलं. "पाया पडतो, कुंडलिक. नेऊ दे तिला. मी खोटारडा हाय, पर ह्या टायमाला न्हाई."

"गेणू." कुंडलिक आता हसत नव्हता. "चेष्टेला जागा असती." त्यानं गेणूची बोटं एकेक करून सोडवली आणि बरणी तहरीमच्या हातात दिली.

तहरीमनं सकाळीच गावाला शब्द दिला होता. ती गुडघाभर पाण्यात गेली. बरणी तिरकी केली. कुकवाळी तिच्या बोटांपाशी जराशी घोटाळली, मग शेपटी हलवून खोल पाण्याकडं निघाली. लाल ठिपका दोन हात लांबपर्यंत दिसला.

मग त्याच जागी पाणी काळं झालं. खालनं मिशा वर आल्या, मागोमाग रुंद तोंड. मिशीवाल्यानं घोटभर हवा घेतली आणि तो सावकाश खाली गेला.

"दर्शन दिलं," अंबाबाई म्हणाली. काठावरच्या सगळ्यांनी हात जोडले.

"जोड की हात," कुंडलिक गेणूच्या कानाशी पुटपुटला. "तुझ्यामुळं तर आला तो."